शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आतला जुना वाडा: नोटीस आली आहे, पाडायचा की दुरुस्त करायचा?

शनिवारपेठकर

शनिवार पेठेतला एकचौकी, दुमजली वाडा. दगडी जोतं, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे पातळ विटांच्या भिंती. पुढच्या बाजूला मंगळुरी कौलं, मागच्या सोप्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. शनिवारवाड्याच्या तटापासून सरळ रेषेत अंदाजे सत्तर-पंचाहत्तर मीटर. सात भाडेकरू, पाच सहहिस्सेदार.

गेल्या पावसाळ्यात मागच्या सोप्यातल्या दोन तुळया वाकल्या आणि बोळाकडची भिंत फुगली. आता महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. मालकांनी करून घेतलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक, असा शेरा आहे. दोन सहहिस्सेदारांचं म्हणणं, पाडून टाकू, बिल्डर तयार आहे, भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा मिळेल. आळीतल्या बाकी लोकांना यात काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना तीन प्रश्न.

पाडल्यावर तिथे खरंच नवीन बांधता येतं का? सी-१ आल्यावर दुरुस्तीचा रस्ता बंद झाला का? आणि दुरुस्ती करायचीच तर ती कशी, किती दिवसांत?

हद्दखूण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही.

शनिवारवाडा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. पुण्यात पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेसलाही हाच नियम लागतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून. तटाच्या भिंतीपासून पावलांनी मोजलेलं अंतर कागदावर चालत नाही, हद्द तटाच्या बाहेर असेल तर तुमचे पंचाहत्तर मीटर आणखी कमी भरतील.

आता या कायद्यातल्या तीन व्याख्या नीट वाचा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. 'बांधकाम' म्हणजे नवीन उभारणी, आडवी किंवा उभी वाढ. 'पुनर्बांधणी' म्हणजे पूर्वीच्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणी. 'दुरुस्ती व नूतनीकरण' म्हणजे असलेल्या वास्तूत केलेले फेरफार, ज्यात वरची दोन्ही कामं येत नाहीत. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन तिन्ही करता येतात. प्रतिबंधित क्षेत्रात खासगी मालकाला फक्त तिसरं करता येतं, तेही इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असेल तर. म्हणजे वाडा पाडला की दुरुस्त करायला वास्तूच उरत नाही, आणि आहे तसाच्या तसा पुन्हा उभारणं ही पुनर्बांधणी झाली. मोकळा प्लॉट राहतो. बिल्डरने दाखवलेला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) कागदावर खरा असेलही, या वर्तुळात तो उतरवता येत नाही. प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा बदलणार अशी चर्चा अधूनमधून असते. त्या भरवशावर आज वाडा पाडू नये.

दुरुस्तीच्या परवानगीची वाट अशी: अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. त्यांनी १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा. प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची. त्यानंतर एका महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने होकार किंवा नकार द्यायचा. सगळं वेळेत झालं तरी साडेतीन महिने. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला तर एप्रिलच्या मध्यावर कागद हातात, आणि पावसाला दीड-पावणेदोन महिने. त्यामुळे अर्ज पावसाळ्यातच करा आणि काम दिवाळीनंतर धरा.

सोबत प्रॉपर्टी कार्ड, १९९२ पूर्वीचा घरपट्टीचा उतारा, सिटी सर्व्हेचा नकाशा, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, सध्याचे प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन मोजमापासह, चारही बाजूंचे फोटो आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र. पाचांतला एक जरी सही द्यायला तयार नसेल तर ते आधी मिटवा.

अर्जावर 'पुनर्बांधणी', 'पुनर्विकास', 'रिडेव्हलपमेंट' हे शब्द चुकूनही नकोत. तसंच 'विटांच्या भिंती काढून आरसीसी कॉलम-बीम' असं लिहिलंत की तो अर्ज दुरुस्तीचा राहत नाही. धाब्यावर पत्र्याची शेड टाकणं किंवा धाबं काढून उतरतं छप्पर करणं हीसुद्धा उभी वाढच, कारण उंची बदलते.

आणि वारसा यादी पाहिली नसेल तर पाहून घ्या. महापालिकेच्या यादीत वास्तू पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीत असेल तर दुरुस्तीलासुद्धा वारसा समितीचा सल्ला लागतो. त्याचा एक फायदा, पाडण्याची परवानगीही मग सहज निघत नाही.

तळखडा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कलम २६४ ची नोटीस पुन्हा वाचा. त्या कलमाखाली आयुक्त पाडायला सांगू शकतात, तसंच सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायलाही सांगू शकतात. नोटीस म्हणजे पाडण्याचा हुकूम असं गृहीत धरून लोक हातपाय गाळतात.

वर्गवारी अशी: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडणं. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनेची मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रहिवासी असतानाच संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. तुमच्या वर्णनावरून दोन वाकलेल्या तुळया आणि एक फुगलेली भिंत एवढंच असेल तर हे सी-२ए चं प्रकरण वाटतं. पण वाटण्याला अर्थ नाही, अहवाल उघडा आणि कोणत्या चाचण्या केल्या ते बघा.

रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल ही नावं दिसली तर तो अहवाल बाजूला ठेवा. या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. माती-चुन्यातल्या विटांवर हॅमर मारून आलेला आकडा शून्याच्या जवळ येणारच, आणि त्यावरून 'भार पेलण्याची क्षमता संपली' असं लिहिणं म्हणजे थर्मामीटरने वजन करणं. वाड्याचा भार लाकडी सांगाडा पेलतो, भिंती बऱ्याच ठिकाणी खणांमधला, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेतला, भराव असतात. तेव्हा फुगलेली भिंत आणि खचलेला सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी.

लाकडी सांगाड्याच्या तपासणीत हे हवं. प्रत्येक खांब आणि तुळईला क्रमांक. लाकडी हातोडीने ठोकून आवाज, ठणठणीत की पोकळ. टोकदार सळई किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोचून किती आत जातो ते मिलिमीटरमध्ये. मॉइश्चर मीटरचं वाचन: २० टक्क्यांच्या वर ओल टिकून असेल तर बुरशी धरते, १५ च्या खाली लाकूड सुरक्षित. शंका असलेल्या चार-सहा जागी रेझिस्टोग्राफ, म्हणजे बारीक सुई आत घालून आतला पोकळपणा मोजणं. प्रत्येक तुळईचा मधला झोल दोरी ताणून. भिंतींना ओळंबा. दीड फुटी भिंत तीन इंचांहून जास्त ओळंब्याबाहेर असेल, म्हणजे जाडीच्या सहाव्या हिश्श्यापलीकडे, तर ती उतरवावी लागते. चिरांवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचपट्टी चिकटवून तारीख लिहायची. तीन महिन्यांत पट्टी तुटली नाही तर चीर जुनी आणि थांबलेली.

दोन जागा हटकून पाहायला लावा, कारण अहवाल लिहिणारे तिथे वाकत नाहीत. एक, खांबाचा पाय. मूळ खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीच्या वर. पिढ्यान्‌पिढ्या कोबा, शहाबादी, मग टाइल्स असे थर चढत जातात, तळखडा जमिनीत गाडला जातो आणि खांबाचं लाकूड ओल्या भरावात उभं राहतं. वरून सुरूची नक्षी शाबूत दिसते आणि खालचे सहा इंच हाताने कुस्करतात. दुसरी जागा, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. लाकूड टोकाकडून सर्वांत जास्त पाणी पितं, आणि कोणी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर ती ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही.

वेगळ्या अभियंत्याकडून असा अहवाल करून घ्या, वारसा वास्तूंचं काम केलेला असेल तर उत्तम, आणि नोटिशीला लेखी उत्तर देऊन संयुक्त पाहणी मागा. मुदत संपायच्या आत. तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

जुनं_जाऊद्या

सगळं बरोबर असेल, पण राहणाऱ्यांचं काय? सात कुटुंबं, सामायिक संडास, दहा बाय बाराची खोली, पावसात घमेली मांडायची. वाडा सुंदर दिसतो तो बाहेरून बघणाऱ्याला. भिडेवाडा तर मुलींच्या पहिल्या शाळेचा, १८४८ चा. तोही डिसेंबर २०२३ मध्ये पाडलाच ना? आणि तिथे नवीन उभं राहतंय.

हद्दखूण

भिडेवाडा प्रतिबंधित क्षेत्रात नाही, म्हणून तिथे नवीन उभं राहू शकतं. हे उदाहरण या वाड्याला लागूच पडत नाही.

राहणाऱ्यांच्या हालाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. शंभर मीटरचा नियम सरसकट आहे, शनिवारवाड्याच्या मागच्या बोळातल्या दुमजली घराने त्या तटाला काय धक्का बसतो हा प्रश्न वाजवी आहे. पण नियम अन्यायकारक आहे म्हणून पाडून बघू, यात नुकसान त्याच सात कुटुंबांचं होतं. आतला संडास प्रत्येक मजल्यावर नेणं, मोरी नीट करणं हे त्याच भिंतींच्या आत बसतं, दुरुस्तीच्या अर्जात आराखड्यासह दाखवा.

भाडेपावती

भाडेकरूंसाठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४: जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं काम. त्याने केलं नाही तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू, एकटे किंवा मिळून, दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. वाड्यांची भाडी पाहता त्यातून चार कौलंही येणार नाहीत. तरी नोटीस पाठवाच, पोचपावती मिळेल अशा पोस्टाने. पुढे 'दुरुस्ती कोणी टाळली' हा मुद्दा निघतो तेव्हा तो कागद कामी येतो.

महत्त्वाचं कलम १६. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून दिली तर काम झाल्यावर त्याच भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायद्यात आहे. महापालिकेच्या हुकमावरून तत्काळ पाडण्यासाठी जागा गेली तर गोष्ट वेगळी, मग नव्या इमारतीतल्या जागेवर सगळी भिस्त. आणि इथे नवी इमारतच होऊ शकत नाही. बिल्डरच्या करारात 'परवानग्या मिळाल्यानंतर' असे शब्द असतील, त्यांचा अर्थ या वर्तुळात 'कधीच नाही' असा होतो.

म्हणून एरवी समोरासमोर उभे राहणारे मालक आणि भाडेकरू इथे एकाच बाजूला आहेत. दोन सहहिस्सेदारांना हद्दखूण यांचा प्रतिसाद छापून द्या. रिकामं करावंच लागलं तर आधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्राची मोजणी, पंचनामा, महापालिकेचा शिक्का आणि मालकाची सही. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड यांच्या प्रती वाड्याबाहेर ठेवा.

चुनाविटा

तिसरा प्रश्न. काम वरून खाली जातं, पाण्यामागे.

आधी धाब्याचं वजन समजून घ्या. मातीच्या एका इंच थराचं वजन चौरस मीटरला ४०-४५ किलो. सहा इंचांचं धाबं म्हणजे अडीचशे किलो, १०० चौरस फुटांवर सव्वादोन-अडीच टन, तेही कोरडं असताना. गळती लागली की कोणीतरी वर दोन इंच सिमेंटचा कोबा टाकतं, म्हणजे त्याच जागेत आणखी टनभर. कोब्याला तडे जातात, पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही आणि माती कायमची ओली राहते. तुळया वाकण्याचं कारण बहुतेक वेळा तुळईत नसतं, तिच्या डोक्यावर असतं. वर पाण्याची हजार लिटरची टाकी असेल तर ती आजच उतरवा, तो सरळ एक टन आहे.

टेकू आधी. जॅक तळमजल्यावर लावायचा तर त्याचा पाय टाइलवर नको, खाली दोन इंची फळी. वरच्या मजल्याची तुळई धरायची असेल तर टेकू एकाखाली एक, जमिनीपर्यंत सलग. मधल्या कडीपाटावर, म्हणजे वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर, टेकवून सोडला तर खालची तुळई जाते. जॅक फक्त लागेपर्यंत आवळा. वाकलेली तुळई वर उचलून सरळ करायच्या नादात कुसू, म्हणजे लाकडाची सांध्यात बसणारी जीभ, खाचेतून निसटतो आणि वरची भिंत तडकते. तो झोल तसाच राहू द्यायचा.

टेकू झाल्यावर कोबा आणि माती उतरवायची, पण एकाच टोकाकडून सगळी नाही. एकाआड एक खण, दोन्ही बाजूंनी समतोल. खालची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचा थर, दिसली की खरा हिशोब लागतो. नासलेल्या फळ्या बदला, कड्या ठोकून पाहा. तुळईचं फक्त टोक गेलं असेल तर अख्खी तुळई काढू नका. नासका भाग ठणठणीत लाकूड लागेपर्यंत कापायचा, जुन्या सागाचा तेवढाच तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, आणि १२ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आरपार. पाडलेल्या वाड्यांचं सागवान पुण्यात विकत मिळतं, नव्या ओलसर लाकडापेक्षा ते बरं, कारण आटून सांधा सैल होत नाही. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा सोडा, चुन्यानेसुद्धा लिंपू नका.

खांबाच्या पायाचंही तसंच. चढलेले फरशीचे थर खांबाभोवती काढून तळखडा पुन्हा उघडा करायचा.

वाळवीला १ टक्का क्लोरपायरीफॉस, म्हणजे २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं औषध) असेल तर एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात एकेका फुटावर १२ मिलिमीटरचं भोक, भोकात जास्तीत जास्त लिटरभर. वाड्याच्या चौकात विहीर किंवा आड असेल तर त्याच्या जवळ हे औषध अजिबात नको.

फुगलेली भिंत. या भिंती आतून-बाहेरून दोन पदरी असतात, मधे माती आणि भर. पाणी मधे शिरलं की बाहेरचा पदर सुटून पोट काढतो. आत ग्राउट, म्हणजे पातळ मसाला, भरून भागवू असं कोणी म्हणेल, पण मातीचा भराव ग्राउट धरत नाही, पैसे वाया जातात. फुगलेला भाग उतरवायचा, तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत, आणि त्याच विटा वापरून दोन्ही पदर बांधत पुन्हा चढवायचा. विटा आधी पाण्यात भिजवलेल्या हव्यात, कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि मसाल्याची भुकटी होते. कळीचा चुना टाकीत विझवून निदान तीन आठवडे पाण्याखाली, मग गाळून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या दरजांना (विटांमधल्या सांध्यांना) एक चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन वाळू. दरज इंचभर खोल खरवडून, धुऊन, ओली असताना भरायची, वर ओलं पोतं आठ-दहा दिवस. चुना सावकाश पकडतो, एप्रिलच्या उन्हात उघडा सोडला तर तडकतो.

गवंडी म्हणेल, थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल. नको म्हणा. १९६१ च्या पानशेत पुरात भिजलेल्या पेठांतल्या भिंती नंतर सिमेंटने लिंपल्या तिथे कंबरेएवढ्या उंचीवर क्षार फुटून विटेची भुकटी होत असलेली दिसते. ओल भिंतीत चढणारच, तिला बाहेर जायला सच्छिद्र गिलावा हवा.

भिंतीत पिंपळ असेल तर उपटू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक, मुळं वाळल्यावर दरज उघडून काढायची.

शनिवारपेठकर

टाकी धाब्यावरच आहे, हजार लिटरची. शिवाय वरच्या मजल्यावर दोन मोऱ्या नंतर केलेल्या, एक बरोबर वाकलेल्या तुळईच्या वर. परवानगी यायला साडेतीन महिने, तोवर पावसाळा. परवानगीशिवाय यातलं काय करता येईल?

तळखडा

टाकी उतरवणं, मोऱ्यांचा वापर बंद करणं, टेकू देणं, वरून ताडपत्री, पन्हळी आणि चौकातलं गटार साफ करणं. यात बांधकाम काही नाही. तरी टेकू आणि ताडपत्रीची लेखी माहिती महापालिकेला आणि पुरातत्त्व खात्याला द्या, तारखेसह फोटो काढून, कारण नोटिशीत 'सुरक्षित करा' हेच म्हटलेलं असतं आणि ते केल्याचा तो पुरावा. मोरीचा कोबा मात्र आत्ता फोडू नका, फोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनीच ती तुळई जाईल.

ताडपत्री धाब्याला चिकटवून टाकू नका. खाली बांबू ठेवून हातभर वर ताणा, वारा खेळता राहिला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना भिंतीच्या फूटभर पुढे काढा. फुगलेल्या भिंतीच्या डोक्यावर पाणी पडलं नाही तर ती हा पावसाळा काढेल. बोळाकडून मात्र लोकांची ये-जा बंद ठेवा आणि त्या भिंतीला लागून असलेली खोली रिकामी करा.

चुनाविटा

मोरीखालच्या तुळईला टेकू दोन लावा, मोरीच्या दोन्ही अंगांना. मधोमध एकच लावला तर ती नेमकी नासलेल्या जागी मोडते.